बटाटे हॉलंडचे, नाकेबंदी आपली

आर्थिक निर्बंध घालून हुकूमशहा वठणीवर येतो का? हा विषय निघाला की आमच्या ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, पैसा बंद केला की भल्याभल्यांची मस्ती उतरते. दुसरी म्हणते, "काही होत नाही बे! रशियाचं काय वाकडं झालं?" मग पुतिन, सद्दाम, इराण, उत्तर कोरिया अशी जगाची सफर होते, तर्री-पोह्यांची दुसरी प्लेट संपते आणि निकाल काही लागत नाही. मला गंमत वाटते ती याची, की या सगळ्या सफरीत गोव्याचं नाव कोणीच घेत नाही. अरे, हा प्रयोग आपण स्वतः करून बसलोय! एकदोन महिने नाही, वर्षानुवर्षं. आणि समोर होता अगदी अस्सल हुकूमशहा.

गोवा म्हटलं की आमच्या पिढीला इयर-एंडचा प्लॅन आठवतो, जो दर वर्षी ठरतो आणि दर वर्षी कोणाच्या तरी रिलीजमुळे बोंबलतो :) गोवामुक्ती म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक परिच्छेद. १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह, मग थेट १९ डिसेंबर १९६१, भारतीय सैन्य आलं, गोवा मुक्त. मधली सहा वर्षं गायब. या लेखाचा विषय ती मधली सहा वर्षंच आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. पोर्तुगालमध्ये अन्तोनियो सालाझार १९३२ पासून पंतप्रधान होता आणि पुढे १९६८ पर्यंत राहिला. छत्तीस वर्षं! निवडणुका नावापुरत्या, विरोधकांमागे गुप्त पोलिस, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. १९५१ मध्ये त्याने कागदोपत्री एक करामत केली. वसाहतींना 'वसाहत' म्हणायचंच नाही, 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायचं. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच एक प्रांत, आणि स्वतःच्या प्रांताबद्दल कोण वाटाघाटी करतं? भारताने बोलणी करून पाहिली, समोरून दाद नाही, म्हणून १९५३ मध्ये लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हातची गेली तरी सालाझार ढिम्म. उलट पुढे तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याआधी १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही हद्दीत शिरले आणि पोर्तुगिजांनी सरळ गोळ्या घातल्या. वीसच्या वर माणसं गेली. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे.

देश संतापला. पण नेहरूंना लष्कर घालायचं नव्हतं. मग उरलं काय? जे आजही प्रत्येक सरकारकडे उरतं तेच. आर्थिक कोंडी.

आणि कोंडी चांगली कडक होती बरं का. जमिनीवरची हद्द बंद. कॅसलरॉकहून मुरगावकडे जाणारी रेल्वे बंद. व्यापार बंद. मुंबईतून गोव्यात घरी पैसे पाठवण्यावर बंदी. जायला-यायला परमिट. कागदावर बघितलं तर प्लॅन एकदम सॉलिड. गोवा म्हणजे जेमतेम ३,७०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास, तीन बाजूंनी भारत. भाजी, बटाटा, कापड, साखर, सगळं आपल्याकडून जायचं. मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि बोटींवर काम करणाऱ्या गोवेकरांच्या मनीऑर्डरींवर गावंच्या गावं जगायची. हे सगळं एका झटक्यात तोडलं तर किती दिवस टिकतील?

टिकले. सहा वर्षं टिकले.

चौथी बाजू समुद्राची होती आणि ती उघडी राहिली. तिथेही नाकेबंदी करायची तर नौदल लावावं लागतं, म्हणजे ते जवळजवळ युद्धच झालं, आणि युद्ध तर नको होतं. त्यामुळे बटाटे हॉलंडहून आले. सिमेंट जपानहून, चहा सिलोनहून, तांदूळ पाकिस्तानातून. विमानाने कराचीशी संपर्क राहावा म्हणून पोर्तुगिजांनी एक छोटी विमान कंपनीही काढली. आपण आजही ज्या दाबोळीच्या धावपट्टीवर उतरतो (मोपा झाला तरी बरीच विमानं तिथेच उतरतात), ती त्याच १९५५ सालची.

पण हे सगळं विकत घ्यायला पैसा लागतो. तो कुठून आला? इथे खरी मेख आहे. गोव्याच्या डोंगरांत लोहखनिज होतं आणि महायुद्धातून सावरणाऱ्या जपानला आणि पश्चिम जर्मनीला पोलाद बनवायला ते हवं होतं. पन्नासचं दशक सुरू झालं तेव्हा ही निर्यात काही लाख टनांची होती, संपेपर्यंत ती कित्येक पटींनी वाढून काही दशलक्ष टनांवर गेली होती. म्हणजे आपली नाकेबंदी आणि गोव्याच्या खाणींची भरभराट, दोन्ही अगदी त्याच वर्षांत! माल मुरगाव बंदरातून जायचा, परकीय चलन यायचं, त्यातून बटाटे तर यायचेच, शिवाय परदेशी गाड्या, फ्रिज, घड्याळं, दारूही यायची. त्यातला काही माल सीमा ओलांडून चोरून आपल्याकडे विकायला यायचा. ज्याची नाकेबंदी केली त्याच्याकडूनच स्मगलिंगचा माल घ्यायचा, हे फक्त आपल्यालाच जमू शकतं. (मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती, हे लक्षात घेतलं की बराच उलगडा होतो.)

आता यात भरडलं कोण? लिस्बनमध्ये बसलेला सालाझार? त्याच्या ताटातला एक घासही कमी झाला नसेल. पणजीतला गव्हर्नर? मुळीच नाही. खाणमालक तर तेजीत होते. भरडली गेली ती साष्टी-बार्देशमधली ती म्हातारी, जिचा मुलगा मुंबईला कुठल्यातरी ऑफिसात कारकून होता आणि दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचा. मुंबईत धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला गोवेकरांचे गाववार 'कूड' होते, एकेका खोलीत दहा-दहा जण राहून पैसे वाचवायचे आणि ते घरी पाठवायचे. ते पैसे अडले. इकडे सावंतवाडी-बांदा-दोडामार्गच्या लोकांची सोयरीक तेरेखोलच्या पलीकडे होती. बहीण दिलेली त्या गावात, शेत या गावात. आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदैवतं गोव्यात, मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा. लग्नानंतर कुलदैवताला जायचं तर परमिट काढा!

म्हणजे हिशोब असा झाला: ज्याच्यावर दबाव आणायचा होता त्याला झळ नाही, आणि ज्याला झळ लागली त्याला सरकारात काडीचा आवाज नाही. लोकशाहीत बटाटे महागले तर सरकार घाबरतं. (आपल्याकडे कांद्याने सरकारं पाडली आहेत.) सालाझारच्या राज्यात बटाट्याला कोण विचारतो? निर्बंध घालणाऱ्यांच्या डोक्यात एक पाइपलाइन असते: लोकांना त्रास होईल, लोक चिडतील, राजावर दबाव येईल, राजा धोरण बदलेल. चार स्टेज. हुकूमशाहीची व्याख्याच अशी आहे की तिसरी स्टेज तोडलेली असते. डेटा पुढे जातच नाही. तुम्ही पहिल्या स्टेजला कितीही लोड टाका, आउटपुट शून्य.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. गोव्याची अर्थव्यवस्था मुंबईला बांधलेली होती. ती दोरी आपणच कापली आणि मग पोर्तुगालने ती आपल्याकडे ओढून घेतली. गोव्यात तोवर रुपया चालायचा (पोर्तुगीज छापाचा, पण रुपयाच), तो १९५८ च्या सुमारास जाऊन एस्कुडो आला. ज्या लोकांना आपण आपलं म्हणत होतो त्यांच्या रोजच्या खिशातून भारत बाहेर गेला. पुढे आपल्याच सरकारला हे जाणवलं असावं, कारण मुक्तीच्या आधीच हे नियम टप्प्याटप्प्याने सैल करत आणले गेले.

आणि सालाझार एकटाही नव्हता. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य. डिसेंबर १९५५ मध्ये, म्हणजे नाकेबंदीला चार महिने होत नाहीत तोच, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज 'प्रांत' असाच झाला. इकडे आपण बटाटे अडवतोय आणि तिकडे जगातली सर्वांत मोठी लोकशाही शक्ती सालाझारच्या शब्दकोशातून शब्द उचलतेय!

शेवट सगळ्यांना माहीत आहे. १८ डिसेंबर १९६१ ला सैन्य शिरलं, १९ ला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. सहा वर्षांत नाकेबंदीने जे झालं नाही ते दीड दिवसात झालं. पण इथे आमच्या दुसऱ्या पार्टीने लगेच टाळ्या पिटू नयेत. गोव्यात पोर्तुगिजांचं सैन्य साडेतीन-चार हजारांचं होतं आणि मायदेश समुद्रापार हजारो किलोमीटर. तिथे दीड दिवसात काम झालं म्हणून "निर्बंध सोडा, रणगाडे घाला" हा फॉर्म्युला अण्वस्त्रं बाळगणाऱ्या देशाला लावायचा असेल तर आधी नागपूर सोडून कुठे लपायचं ते ठरवा.

मग निर्बंध कधीच चालत नाहीत का? अभ्यासकांचंही यावर एकमत नाही. हफबॉअर, शॉट आणि एलियट या तिघांनी निर्बंधांची ११५ प्रकरणं तपासून सांगितलं की साधारण तिसरा हिस्सा यशस्वी. रॉबर्ट पेप नावाच्या प्राध्यापकाने १९९७ मध्ये तीच यादी पुन्हा तपासली आणि म्हणाला की नुसत्या निर्बंधांनी मिळालेलं खरं यश फक्त पाच. एकाच डेटावर चाळीस आणि पाच! आमच्याकडे असं झालं असतं तर टेस्टिंग टीमने डोकं फोडून घेतलं असतं.

मला वाटतं, देश मोजण्यापेक्षा नळ कोणता बंद केला ते बघावं. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घ्या. वर्णद्वेषाविरुद्ध व्यापार बंद करणारा पहिला देश भारत होता, १९४६ सालीच! त्याने फरक पडला? आपल्या एकट्याने नाही. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, चेस मॅनहॅटन या अमेरिकन बँकेने त्यांची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला, इतर बँकाही मागे सरल्या आणि तिथल्या गोऱ्या उद्योगपतींना घाम फुटला. लक्षात घ्या, घाम फुटला तो मतदार असलेल्या, सरकारात वजन असलेल्या गोऱ्यांना. शिवाय आतमध्ये प्रचंड जनआंदोलन होतं. म्हणजे तिथे ती तिसरी स्टेज, निदान गोऱ्यांपुरती, जोडलेली होती.

नेपाळचंही तसंच. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले तेव्हा भारताने बहुतेक नाकी बंद केली. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे मुरगावची सोय नाही. वर्षभरात तिथे जनआंदोलन पेटलं आणि १९९० मध्ये राजाला पंचायत राजवट गुंडाळावी लागली. आंदोलन नेपाळ्यांचंच, कोंडीने फक्त तेल ओतलं. पण २०१५ मध्ये सीमा अडली तेव्हा तोच नेपाळी माणूस आपल्यावर उखडला आणि नेपाळ चीनकडे रस्ते शोधायला लागला. शेजाऱ्याचा गॅस सिलेंडर अडवून प्रेम मिळत नाही.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. निर्बंध हल्ली सीमेवरचे शिपाई पाळत नाहीत, सॉफ्टवेअर पाळतं. मी एका प्रोजेक्टवर होतो, तिथे बँकेचा प्रत्येक व्यवहार निर्बंधांच्या यादीशी ताडून बघायचा होता. यादीत नाव, जन्मतारीख, टोपणनावं. नावं अरबीतून, रशियनमधून रोमन लिपीत आलेली, त्यामुळे स्पेलिंग दहा प्रकारचं, म्हणून 'साधारण जुळलं तरी पकडा' असा अल्गोरिदम. परिणाम काय? रोज ढिगाने अलर्ट आणि बहुतेक सगळे फुसके. कोणी बिचारा मोहम्मद, कोणी इवानोव, घरी पैसे पाठवतोय आणि त्याचा व्यवहार तीन दिवस अडकून पडलाय. मनीऑर्डर अडलेल्या त्या म्हातारीचा मुलगा आज असता तर आमच्या क्यूमध्ये दिसला असता. आणि ज्याला खरंच पकडायचंय तो स्वतःच्या नावाने खातं उघडायला वेडा आहे का? तो कंपनीच्या आतल्या कंपनीच्या आत बसलेला असतो. नियम साधारण असा असतो की निर्बंध असलेल्याची मालकी ५० टक्के किंवा जास्त असेल तर ती कंपनीही अडकते. मग लोक ४९ टक्क्यांवर थांबतात. साधं आहे.

या ४९ वरून नायरा आठवली. गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी, रशियाच्या रोसनेफ्टचा वाटा ४९.१३ टक्के. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने थेट तिचं नावच यादीत टाकलं आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. ईमेल बंद! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत आल्या. आयटीवाल्यांच्या अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे ही. पैसे भरलेलं लायसन्स, भारतातली कंपनी, भारतातला डेटा, आणि बटण भलत्याच्याच हातात. पण मूळ प्रश्न तोच: वाडीनारच्या इंजिनिअरचा इनबॉक्स बंद झाल्याने युक्रेनमधला एक तरी रणगाडा थांबला का?

रशियाच्या बाबतीत मोठा नळ तेलाचा होता आणि तो कोणालाच पूर्ण बंद करायचा नव्हता. युरोपला हिवाळ्यात गॅस हवा होता, अमेरिकेला पंपावरचे भाव वाढायला नको होते, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये '६० डॉलरच्या आत विका' अशी अर्धवट तोटी बसवली. आपण स्वस्त तेल घेतलं. २०२२ आधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता तो पुढे तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. (त्याचं बिल ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी जादा २५ टक्के टॅरिफच्या रूपाने पाठवलं, ते वेगळं.) मला यात आपल्याला उपदेश करणाऱ्यांचा राग येतो, पण खरं सांगायचं तर १९५५ चा जपानही हेच म्हणत असणार: आम्हाला आमच्या भट्ट्या चालवायच्या आहेत. तेव्हा आपण मुरगावकडे बघून दात-ओठ खात होतो, आता आपण त्या जपानच्या जागी आहोत. युक्रेनच्या माणसाला आपल्याबद्दल काय वाटत असेल याचा अंदाज करायला आपल्याइतकं पात्र कोणी नाही. स्वस्त तेल घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. घ्यावं, पण 'आम्ही बुवा तटस्थ' असा साळसूद चेहरा करू नये. मुरगावची जहाजं तटस्थ नव्हती.

आमच्या पहिल्या पार्टीसाठी एक गोष्ट मात्र मान्य करतो. निर्बंधांनी हुकूमशहाचं मन बदलत नाही, पण हात जड होतात. रशियाचे जवळपास ३०० अब्ज डॉलर गोठले, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला, चिप आणायच्या तर तीन देशांना वळसा घालून आणाव्या लागतात. युद्ध थांबत नाही, महाग होतं. हे कमी नाही. फक्त यासाठी नेम धरून नळ निवडावा लागतो: शस्त्रांचे सुटे भाग, राज्यकर्त्यांची परदेशातली खाती, तिजोरीत भर घालणारी एखादी मोठी निर्यात, आणि तीही तिच्या गिऱ्हाइकांना सोबत घेऊन. गोव्यात आपल्याला जपान आणि पश्चिम जर्मनीशी बोलायला हवं होतं. आपण अडवल्या मनीऑर्डरी.

आणि 'महाग होणं' शेवटी कुठे पोचतं तेही पोर्तुगालनेच दाखवलं. गोवा गेला तरी सालाझारने ते मान्य केलं नाही. त्याच १९६१ मध्ये अंगोलात युद्ध पेटलं, मग गिनी-बिसाऊ, मग मोझांबिक. तेरा वर्षं पोर्तुगालची पोरं आफ्रिकेत मरत होती आणि पैसा जळत होता. १९७० मध्ये सालाझार वारला, राजवट तशीच राहिली. अखेर एप्रिल १९७४ मध्ये ती उलथवली ती या युद्धांना कंटाळलेल्या त्यांच्याच लष्करातल्या कॅप्टन-मेजर लोकांनी. गोवा भारताचा आहे या कागदावर पोर्तुगालची सही झाली ती त्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ ला.